रस्त्याकडच्या तीन ओळी

१ ऑगस्ट २०१७, मंगळवार
नांदुऱ्याहून स्मार्टफोन आणला. आजपासून रोजनिशी. वाचणार कोणी नाही, पण या गावात डिजिटल शेती कोणी आणली याची निदान मला तरी खात्री पाहिजे.

दुपारी : फोन चालू झाला. बंद कसा करायचा ते सापडत नाही. दुकानदार समजावत होता तेव्हा मी 'माहीत आहे, माहीत आहे' म्हणत होतो.

४ ऑगस्ट
ग्रुप काढला. नाव 'प्रगत कापूस शेतकरी'. अॅडमिन मी. सगळे गावचेच. महादेवरावांनी पहिलाच मेसेज म्हणून गुलाबाचं फूल टाकलं. हा ग्रुप शेतीसाठी आहे अशी समज दिली. संध्याकाळी त्यांनी दोन फुलं टाकली.

अन्नपूर्णा म्हणाली, "वावरात गवत माजलं अन् तुमी काच पुसून राह्यले." बायकोला दूरदृष्टी नसते. म्हणजे असते, पण वावरापुरती.

९ ऑगस्ट
मोठं काम झालं. कापूस सल्ला केंद्राच्या अर्पिता मॅडम ग्रुपमध्ये आल्या. पिकाचा फोटो टाकायचा, त्या बघून काय करायचं ते सांगणार.

पहिला फोटो माझा. रस्त्याकडच्या तीन ओळींचा. तिथे पूर्वी उकिरडा होता, त्यामुळे कपाशीची पऱ्हाटी छातीला लागते. मधोमध मी, गॉगल लावून. आतल्या ओळी गुडघ्याच्या वर गेलेल्या नाहीत, पण फोटोत सगळं वावर बसत नाही, त्याला मी काय करू?

मॅडमचा अंगठा आला. महादेवरावांचाही आला, जरा उशिरा.

२१ ऑगस्ट, पोळा
बैलाबरोबर सेल्फी ठरवली होती. बैल थांबेना. शेवटी मेहबूबने धरला. मेहबूब आमचा वावरशेजारी, धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध लागून. त्याचा फोन बटणांचा, रबर लावून बांधलेला. फोटो बघून म्हणाला, "भाऊ, तुमचा मोबाईल तोच माहा मोबाईल. माह्या वावराचंही इचारत जा मॅडमले." म्हटलं, का नाही? मन भरून आलं. जबाबदारी वाढली.

५ सप्टेंबर
मॅडमचा मेसेज : दर आठवड्याला शेतात फिरून वीस हिरवी बोंडं तोडा, चिरा आणि आतला फोटो टाका. गुलाबी अळी बोंडाच्या आत असते, बाहेरून कळत नाही.

वीस बोंडं! भरलेलं हिरवं बोंड तोडायचं, तेही आपल्याच हाताने? रस्त्याने जाणाऱ्या कोणी एक तोडलं तर आम्ही गावभर भांडतो. शिवाय आपलं बियाणं बीटी. बीटीला बोंडअळी लागत नाही, हे मॅडमला कोणी तरी सांगायला हवं. मी नाही सांगितलं. बाईमाणसाला ग्रुपवर कशाला खजील करा?

त्याच तीन ओळींचा फोटो टाकला, दुसऱ्या बाजूने. शर्ट बदलला.

१२ सप्टेंबर
सकाळी मेहबूब रुमालात फुलं घेऊन आला. कपाशीचीच, पण न उमललेली, पाकळ्या पीळ घालून बंद केल्यासारख्या. म्हणाला, "भाऊ, हे पाहा बरं. फूल उमलूनच नाही राह्यलं. मॅडमले फोटो धाडा. फवारा लागत असन तं पंप आणून ठेवलाय मी, मामेभावाचा."

त्याच्या वावरात गेलो. बरड जमीन, झाडं बुटकी, पानं लाल. मोबाईल समोर धरला आणि खाली घेतला. असला फोटो माझ्या ग्रुपवर? महादेवराव काय म्हणतील? आणि मेहबूबच्याही इज्जतीचा प्रश्न आहेच. मुख्य तोच.

घरी येऊन तीन ओळींचा फोटो टाकला, या वेळी मी नसलेला. खाली लिहिलं, 'मेहबूब यांचे शेत'.

मॅडमनी लिहिलं, पीक उत्तम दिसतं आहे, पण बोंडं चिरून पाहिली ना? मी लिहिलं, 'हो'. त्यांनी लिहिलं, अळी नसेल तर सध्या फवारणी नको.

मेहबूबला वाचून दाखवलं. सगळं नाही, शेवटचे तीन शब्द. त्याला बरं वाटलं. पंप परत करायला निघाला. जाता जाता म्हणाला, "अल्ला तुमचं भलं करो भाऊ. मोबाईल असावा तं असा."

जेवण गेलं नाही. भेंडी चिकट झाली होती.

१४ सप्टेंबर
ठरलं. मेहबूबला खरं काय ते सांगायचं. उद्या.

१५ सप्टेंबर
मेहबूब देऊळघाटला गेला आहे, बहिणीकडे. नाइलाज.

१८ सप्टेंबर
मेहबूब आला. सांगणार होतो, पण नेट नव्हतं.

(तोंडाने सांगायला नेट लागत नाही, हे तो गेल्यावर लक्षात आलं.)

३० सप्टेंबर, दसरा
मॅडमनी माझा गॉगलवाला फोटो दुसऱ्या गावांच्या ग्रुपवर टाकला. 'आदर्श प्लॉट'! थेट बीबी गावाहून एकाचा फोन आला. विचारत होता, काय केलं? म्हटलं, नियोजन. कसलं, ते त्याने विचारलं नाही. समजूतदार माणूस.

धुऱ्यावरून मेहबूब हात करत होता. बहुतेक बोलवत होता. फोन कानालाच ठेवला. फोन केव्हाच संपला होता.

२० ऑक्टोबर
आज वेचणीचा मुहूर्त. अन्नपूर्णाने वावरात सीतादही केलं. दहीभाताचा नैवेद्य दाखवला, हळदकुंकू वाहिलं आणि ओटी बांधून ओळीत शिरली. मी व्हिडिओ घेत होतो. पहिल्या तीन ओळी झकास. चौथ्या ओळीत ती थांबली. पाचवीत बसलीच.

बोंडं अर्धवट उकललेली. कापूस पिवळा, चिकटलेला. तिने एक बोंड फोडून तळहात माझ्यासमोर धरला. अळी करंगळीच्या नखाएवढी. खरंच गुलाबी.

"हे घ्या तुमचं आदर्श," ती म्हणाली. मग, "मेहबूबभाऊले काय सांगतलं होतं तुमी?"

व्हिडिओ अजून चालूच होता. तिचा प्रश्न त्यात आला आहे.

संध्याकाळी व्हिडिओ डिलीट केला. लाज वाटते आहे. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय?

२ नोव्हेंबर
पारावर बसलो होतो. मेहबूबच्या वावरात वेचण्यासारखं काही नाही, हे आता सगळ्या गावाला माहीत आहे. महादेवराव सगळ्यांसमोर म्हणाले, "रंगराव, तुमच्या मोबाईलनं गरिबाचं वावर बुडवलं."

मेहबूब तिथेच होता. मी काही बोलायच्या आत तोच बोलला. "त्यायचा काय दोष हो? मॅडमनं जे सांगतलं, ते त्यायनं वाचलं. चुकलं तं मॅडमचं चुकलं."

मी मान हलवली.

मान हलवली! घरी आल्यापासून तीच मान दुखते आहे. अन्नपूर्णा म्हणाली, "बाम लावू काय?" नको म्हटलं. बामाने जाणारं दुखणं नाही.

६ नोव्हेंबर
मेहबूबने स्मार्टफोन घेतला. जुना, काच तडकलेली. म्हणाला, "भाऊ, पुढच्या हंगामाले तुमाले तरास नको. माहा मीच फोटो टाकत जाईन." ग्रुपमध्ये घ्यायला माझ्याकडेच आला.

ग्रुपवरचे जुने फोटो त्याला दिसले तर? पण नव्याने आलेल्याला आधीचं काही दिसत नाही. जीव भांड्यात पडला. मग जीव भांड्यात पडला याचीच लाज वाटली. उद्या नक्की सांगायचं.

७ नोव्हेंबर, सकाळी
मेहबूबने ग्रुपवर पहिला फोटो टाकला. पोत्यावर ओळीने मांडलेली वीस बोंडं. चिरलेली. जवळजवळ सगळ्यांत अळी. आजवर ग्रुपवर कोणी चिरलेलं बोंड टाकलं नव्हतं.

मॅडमनी लगेच लिहिलं : मेहबूबभाऊ, असं कसं झालं? सप्टेंबरमध्ये तुमचं शेत उत्तम होतं. आणि तो जुना फोटो पुन्हा टाकला. माझ्या तीन ओळी.

मी ग्रुपमधून बाहेर पडलो.

थोड्या वेळाने
ग्रुपला अॅडमिन उरला नाही, म्हणून फोनने आपल्या मनानेच एकाला अॅडमिन केलं. मेहबूबला. त्याने मला परत आत घेतलं. सोबत व्हॉइस मेसेज : "भाऊ, तुमचं बोट लागलं असन, बाहेर पडले होते तुमी. घेतलं मी अंदर. अन् मॅडम, हा फोटो माह्या वावराचा नोहे. हे तं रंगरावभाऊच्या रस्त्याकडचं हाय. तुमच्याकडं काही तरी उलटपालट झालं. भाऊ, तुमीच समजावून सांगा बरं मॅडमले."

सगळ्यांनी ऐकलं. महादेवरावांनी फूलसुद्धा टाकलं नाही.

अजून तेच
'मॅडम, तो फोटो' इथपर्यंत लिहिलं. पुसलं. 'नेटच्या अडचणीमुळे' लिहिलं. तेही पुसलं. 'मी' एवढंच लिहून बसलो आहे.

मेहबूबचा आणखी एक मेसेज आला. मागे मेंढ्यांचा आवाज. धनगराला बोलावून त्याने उभ्या पऱ्हाटीत मेंढ्या सोडल्या आहेत, आणि तो धुऱ्यावर बसला आहे.

"भाऊ, तुमी लिहून राह्यले असं वर दिसून राह्यलं. लिहा आरामानं. मेंढ्या संध्याकाळपर्यंत हायत, मी इथंच हाय."