तीन नंबरचं उपरणं

८ सप्टें., सोम.
पितृपक्ष लागला. सकाळी बाबांच्या हाताखाली तीन घरी श्राद्धं, दुपारी क्लासच्या दोन बॅचेस. मधल्या सुट्टीत मोबाइल उघडला तर 'पटा'चा नवा भाग जाहीर. दख्खन. इतकी वर्षं या गेममध्ये कुठकुठले परके राजे खेळवले, आता आपल्याकडचे येणार. पाच जणांची चित्रं टाकलीत. चेहरे काळे केलेले, बाकी अंगावरचं सगळं दिसतं. ओळखा म्हणे. उत्तर २१ तारखेच्या व्हिडिओत.
गजूचा अकोल्याहून, त्याच्या फुलांच्या मळ्यातून फोन. "महाराज, पाह्यलं का? पोट्टे सोड थोडा वेळ अन् आधी फोटो पाय."
पोरांना त्रिकोणमिती द्यायची होती. गणितं फळ्यावर लिहून दिली आणि फोटो पाहत बसलो. चाळिशी जवळ आली, अक्कल नाही.

१० सप्टें.
१, २, ४, ५ यांच्यावर आमच्या 'पटा'च्या ग्रुपमध्ये सगळ्यांचं जवळपास एकमत. भांडण ३ नं.वर. लाकडी खांबाशी उभी व्यक्ती, खांबावर वेल चढलेला, अंगावर उपरण्यासारखं वस्त्र. कोणी सरदार म्हणतं, कोणी साधू.
आज दुसऱ्या घरी यजमानांना "अपसव्य करा" म्हणताना डोक्यात एकदम उजेड पडला. रोजच्या पूजेत जानवं-उपरणं डाव्या खांद्यावर, पितरांचं करताना उजव्या. तीन दिवस हेच सांगून घसा बसलाय. आणि ३ नं.चं वस्त्र उजव्या खांद्यावर आहे. म्हणजे हा माणूस श्राद्ध करतोय. बाप गेलेला राजपुत्र!
पिंड देताना मी गालात हसलो. बाबांनी डोळे वटारले.

१२ सप्टें.
लेख लिहून ग्रुपवर टाकला. ३ नं. म्हणजे बापाच्या श्राद्धाला उभा मुलगा, त्याची ताकद मेलेल्या राजांकडून येणार, वगैरे वगैरे. मंडळी खूश. पुण्याच्या एका चॅनेलवाल्यानं व्हिडिओत "अमरावतीच्या सरांचा अंदाज" म्हणून दाखवला. तो तुकडा चार वेळा पाहिला. खोटं कशाला लिहू, सहा वेळा.

१४ सप्टें., रवि.
संध्याकाळी पाचची नेहमीची ऑनलाइन बैठक. आज चाळीसेक जण ऐकायला. मी बोललो, वाहवा झाली. मग गजू. त्याचं म्हणणं, चित्रच उलटं आहे. आरशात दिसतं तसं.
"खांबावरचा वेल पाहा ना राजेहो. वालाचा दिसते. वाल समोरून पाह्यला तर डावीकून उजवीकडे चढत जाते. हा उजवीकून डावीकडे चढून राह्यला. असा वेल आमच्या वावरात म्या जन्मात पाह्यला नाही. चित्र फिरवा, वेल सरळ होते. अन् मंग उपरणं डाव्या खांद्यावर येते. तं श्राद्ध कायचं?"
दोघेतिघे "पॉइंट आहे" म्हणाले. मला ते झोंबलं. मी म्हणालो, "गजूभाऊ, तुम्ही फुलं आणून द्या. पूजा कशी करायची ते आमच्यावर सोडा."
सगळे हसले. मीही.
गजू म्हणाला, "बरोबर आहे." थोड्या वेळानं तो बैठकीतून गेला.
त्याचा मुद्दा नव्हे, त्याचा शेंडाच खुडायला गेलो होतो, असं आता वाटतं. तेव्हा फक्त बरं वाटलं.

१६ सप्टें.
गजूनं ग्रुप सोडला. ग्रुप आम्ही दोघांनीच काढलेला, सहा वर्षांपूर्वी. नकाशे सगळे त्यानं केलेले. मी मेसेज केला, "काय रे, गंमत होती." उत्तर आलं: "हो सर. दसऱ्याचा झेंडू आहे, तुमी चालू ठेवा."
सर. तुमी. सहा वर्षांत या माणसानं मला महाराज सोडून काही म्हटलं नव्हतं, तेही चिडवायला, आणि सोबत तू.
पहिला विचार आला, इतकं काय लागायचं? दुसरा विचार लिहायला नको वाटतो, पण लिहितो. आई अकोल्याच्या दवाखान्यात होती तेव्हा अकरा दिवस दोन वेळचा डबा याच्या घरून आला. आम्ही तेव्हा फक्त गेमपुरते ओळखीचे. त्याची माय मळ्यातून ऑटोनं यायची. आई तिचा हात धरून गेली, मी खाली औषधं आणायला गेलो होतो.
त्या माणसाला मी चाळीस जणांसमोर त्याची पायरी दाखवली. शहाणा मी.

१८ सप्टें., गुरु.
परसात आई लावायची तसा वाल अजून बाबा लावतात. आज कपडे वाळत घालताना नजर गेली. सहा काठ्या, सहा वेल. सहाही डावीकडून उजवीकडे.
म्हटलं, योगायोग असेल. एकाचा शेंडा हळूच सोडवला आणि उलट्या बाजूनं काठीला दोन वेढे दिले.
बाबा ओट्यावरून: "त्याला काहून त्रास देतोस?"
"प्रयोग आहे."
"क्लासात कर."

१९ सप्टें., शुक्र.
सकाळी स्नान करून पाहिलं. शेंड्यानं माझे वेढे सोडून दिले होते. संध्याकाळी आलो तर त्याच्या त्याच्या बाजूनं काठीला पुन्हा लागलेला.
गजू बरोबर आहे. चित्र उलटं आहे. राजपुत्र नाही, श्राद्ध नाही, काही नाही.
व्हिडिओ परवा. आत्ता ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या की झालं.

२० सप्टें., शनि.
लिहिलं नाही.
सकाळपासून पाच वेळा लिहायला घेतलं. पण कालपासून अख्खा ग्रुप माझा अंदाज धरून बसलाय. एकानं तर बाप-लेकाचं चित्रही काढलं, फार छान काढलं. त्यात परभणीचा एक जण म्हणाला, "सर, तुमचं ज्ञान म्हणजे ज्ञान." कोणाच्या तरी ओळखीच्या पत्रकारानं नंबर मागितलाय.
मनाशी म्हटलं, चित्रकारही चुकू शकतो. परदेशात बसलेल्याला वाल कसा चढतो काय ठाऊक? गजूच्या शब्दावर एवढं कशाला जायचं? हे मी म्हणालो, स्वतःच्या हातानं वेल सोडवून पाहिल्यानंतर. आपण स्वतःचेच किती पटकन वकील होतो.

२१ सप्टें., रवि.
सर्वपित्री. सात घरं. पायांचे तुकडे पडले. बैठक आज रद्द.
साडेसहाला व्हिडिओ. ३ नं. पुढे आली. बाई आहे. राजाची बहीण, बागा आणि पाटाचं पाणी सांभाळणारी. हातात खुरपं. उपरणं नव्हे, पदर, डाव्या खांद्यावर. वेल सरळ. चित्र मुद्दाम उलटवलं होतं की पोस्टरच्या मांडणीसाठी, ते कंपनीनं सांगितलं नाही.
बागवाली. मी "फुलं आणून द्या" म्हणालो होतो.
ग्रुपवर माझी यथेच्छ थट्टा. "सर, पितर रागावले." ती चालेल. पण कोणालाच गजू आठवेना. शेवटी मीच लिहिलं, "वेलाचं गजूनं आधीच ओळखलं होतं, त्याला मानलं पाहिजे." टाळ्यांचे हात आले. मोठ्या मनाचा माणूस म्हणून माझंच कौतुक झालं.
माझ्या वाक्याबद्दल काही लिहिलं नाही. शुक्रवारबद्दल तर नाहीच.

२२ सप्टें.
गजूला मेसेज. पहिला मसुदा: "तुला वाईट वाटलं असेल तर..." पुसला. असेल तर काय? दुसरा: "मी जे बोललो ते चुकीचं होतं. माफ कर." पाठवला.
उत्तर: "राहू द्या सर."

२४ सप्टें.
जेवताना बाबांना सांगितलं. वाक्य जसंच्या तसं. बाबा जेवत राहिले. मग म्हणाले, "त्याच्या आईनं आणलेलं तू खाल्लंस ना अकरा दिवस?"
"हो."
"मग हे कुठून आलं तुझ्या तोंडात?"
उत्तर बाबांनीच दिलं, "आपल्याच घरून आलं असेल." हात धुवायला उठले. त्यांच्याकडून एवढं मी कधी ऐकलं नव्हतं. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

३० सप्टें., मंगळ.
अकोल्याला जाऊन आलो. सकाळची बस, मूर्तिजापूरपर्यंत उभा.
दसरा परवावर, मळ्यात पाय ठेवायला जागा नाही. अंगणात ताडपत्रीवर झेंडूचा ढीग, घरचे सगळे पोती भरून राहिलेले. गजू तराजूपाशी. मला पाहून उठला. "या सर. माय, चहा टाक वं, अमरावतीचे सर आले."
मावशीनं, म्हणजे गजूच्या मायनं, ओळखलं. "बाबा कसे हायेत?" विचारलं. काही ठाऊक नसल्यासारखी बोलली. कदाचित खरंच ठाऊक नसेल. ते जास्त लागलं.
चहा झाल्यावर मी म्हणालो, "गजू, मी त्या दिवशी फार वाईट बोललो."
"त्याचं काही नाही सर. आमी आयकतच आलो. नवं थोडी हाय?" पोत्याचं तोंड शिवता शिवता. आवाज अगदी साधा. मग सहज म्हणून, "वेल पाह्यला का मंग तुमी?"
"पाहिला. आमच्या परसातला."
"व्हिडिओ आल्यावर?"
इथे हो म्हणायचं होतं. चहा प्यायचा, पोतं उचलायला हात लावायचा, सगळं मिटलं असतं. बसमध्ये उभ्या उभ्या मी तेच ठरवलं होतं. पण तोंडून आलं, "नाही. शुक्रवारी. दोन दिवस आधी."
शिवायचा हात थांबला.
"म्हंजे तुले ठाऊक होतं."
"हो."
"अन् तू चूप बसला?"
"हो."
किती दिवसांनी तू म्हणाला, आणि ते असं.
"त्या बोलण्याचं मी कोणाले सांगलं पन नाही," तो म्हणाला. "म्हटलं, माणूस हाय, जीभ घसरते. पन दोन दिवस? दोन दिवस तं जीभ नाही घसरत कोणाची." बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवून राहिला होता. गजू उठला. मी म्हणालो, "मला खरंच..." तर म्हणाला, "मले काय सांगून राह्यला? मले तं तवाच ठाऊक होतं का वेल उलटा हाय. जिथं बोलला तिथं सांग."
पोतं पाठीवर घेऊन गेला. मी दुसरं उचलायला वाकलो, तर त्याचा चुलतभाऊ म्हणाला, "राहू द्या सर, कपडे खराब होतील."
मावशीनं निघताना पिशवीभर झेंडू दिला. नको म्हणता आलं नाही.

२ ऑक्टो.
दसरा. तोरण मावशीच्याच फुलांचं. बाबांनी विचारलं, "मिटलं का?" म्हटलं, नाही. "मग गेलास ते बरं केलंस," म्हणाले. बाबांचं गणित मला कधी समजत नाही.
गेमचा नवा भाग आला. उघडला नाही.

४ ऑक्टो.
उद्या पाचला बैठक. चार ओळी लिहून काढल्या. वाचून पाहिल्या तर स्वतःची बाजू तिसऱ्या ओळीतच येते. "पितृपक्षाच्या गडबडीत" म्हणे. फाडल्या.
गजूला कळवावं का, उद्या ये म्हणून? मोबाइल हातात घेतला आणि ठेवला. त्याला साक्षीला बोलावून माफी मागायची, म्हणजे माझ्या माफीचंही काम त्यालाच.

५ ऑक्टो., रवि.
नवा भाग आल्यामुळे गर्दी. साठ-सत्तर. कोणी ३ नं.नं पहिलाच डाव जिंकला होता, त्याचं चाललं होतं. ते थांबेपर्यंत थांबलो. मग सांगितलं.
कागद नव्हता, तरी क्रमानं आलं. गजूनं वेल ओळखला. मी उत्तर द्यायच्या ऐवजी त्याचं घराणं काढलं. तुम्ही हसलात, पण हसवलं मी. शुक्रवारी मला स्वतःला कळलं होतं, तरी रविवारपर्यंत गप्प राहिलो, कारण तुम्ही माझं कौतुक करत होतात. बाकी कारण काही नाही.
मग परभणीवाला, "जाऊ द्या सर, गेमच आहे." मी म्हणालो, "गेमचं सांगत नाहीये मी." एक नवीन मुलगी आहे धामणगावची, तिनं विचारलं, "हे गजूभाऊ आहेत का आत्ता?"
नव्हता. मी हजेरीची यादी दोनदा पाहिली होती.
"मग त्यांना कसं कळणार?" ती म्हणाली.
कोणी सांगेल तर कळेल. बैठकीतल्या चौघापाचांशी त्याचं अजून बोलणं असावं. नसेलही. मी कळवायचं नाही, एवढं ठरलंय. कळवलं तर ते पुन्हा माझीच वाहवा मागणं.
बैठक संपल्यावर पुढच्या रविवारची वेळ लिहायची असते, ती लिहिली. पाच. गजू होता तोवर ती तोच टाकायचा.