यारीचा आकडा

चि. सौ. वैजयंतीस, कामरगावहून तुझ्या जगदेवकाकाचे भाता मोडेस्तोवर आशीर्वाद. पायांवरची सूज उतरली का? डॉक्टरनं सांगितलेला आराम कर (करणार नाहीस, आईवर गेली आहेस). तुझी काकू बरी आहे. माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे घरात शांतता आहे.

दिवाळीत तू मोबाईलवर तुझ्या कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकातून काढलेले पोलादाच्या पोटातले फोटो दाखवले होते. सावकाश थंड झालेलं आतून पोळीच्या पदरांसारखं, म्हणून वाकतं. लालबुंद असताना पाण्यात बुडवलेलं आतून सुयाच सुया, टणक पण ठिसूळ, परत थोडं तापवून नरम केल्याशिवाय भार देऊ नये. मी म्हटलं, चाळीस वर्षं कुऱ्हाडींना पाणी पाजून राह्यलो, अन् ही पोरगी मले सुया दाखवते. सगळे हसले (तूही हसलीस, हे तुझं मोठेपण).

तर आपल्या फुलचंदच्या विहिरीतला गाळ काढायला दोर-कप्पीची यारी लावली होती. तिचा आकडा मी घडवला, भंगारवाल्या भाऊसिंगकडच्या ट्रकच्या कमानपाट्यातून. कुऱ्हाडीची नुसती धार पाण्यात बुडवतात, पाठ कच्चीच ठेवतात. पण दोस्ताचं काम, जास्त टणक व्हावं म्हणून मी आकडा अख्खा बुडवला. चौथ्या दिवशी गाळाची बादली अर्ध्यावर आली आणि आकडा काडकन तुटला. आधी वाकला असता, तर खाली ओरडायला तरी वेळ मिळाला असता. तुटलेलं तोंड खडीसाखरेसारखं चमकत होतं. बादली खाली गाळ भरणाऱ्या फुलचंदच्या कमरेवर पडली. अकोल्याला दवाखान्यात आहे. पायांना चिमटा काढला तरी कळत नाही (काढून पाहिला, सिस्टर रागावली).

त्यानं मला विचारलं, "जगदेव, भाऊसिंगचं लोखंडच खराब होतं ना रे?"

मी म्हटलं, "हो."

तेव्हापासून गावातलं कोणी भाऊसिंगच्या दुकानाची पायरी चढत नाही. तो मात्र रोज फुलचंदसाठी डबा आणतो. मलाही दोन पोळ्या वाढतो. पदर सुटलेल्या, मऊ.

तुझा,
जगदेवकाका

ता.क. : लोखंड खराबही असू शकतं, असं तुझ्या कॉलेजच्या कागदावर दोन ओळी लिहून पाठव.

ता.क. दुसरा : तुझ्या होणाऱ्या बाळाच्या पाळण्यासाठी दिलेला आकडा त्याच पाट्याचा, त्याच पाण्यातला आहे. छताला लावला असेल तर आजच उतरव. फोनवर हे तोंडातून निघेना. नवा घडवून राखेत पुरला आहे, सावकाश निवू दे. कागद पाठवू नको. लोखंड चांगलं होतं. उद्या अकोल्याला जाऊन फुलचंदला सांगतो. डब्याच्या वेळेलाच जाईन, म्हणजे भाऊसिंगही ऐकेल.