साहेबांनी आणलेलं काम

गुरुवार, डोंबिवली. संध्याकाळचे साडेसात.

ह्यांचे जुने मॅनेजर, सावंतसाहेब, आज दुपारी घरी आले. केमिकल कंपनी बंद पडल्यापासून हे घरीच आहेत, म्हणून मला आधी बरंच वाटलं. चहा घेऊन गेले तेव्हा साहेब म्हणत होते, "अंबरनाथला गाळा घेतलाय. पगार तू म्हणशील तो. फक्त माल कुठे जातो ते विचारायचं नाही." आणि हे म्हणाले, "विचार करतो."

विचार? कसला विचार?

साहेब गेल्यावर मी ह्यांना गाठलं. हे शांतपणे म्हणाले, "क्रिस्टल मेथ. नशेचा माल. पूर्वी बाहेरून यायचा, आता इथेच बनवतात. गाळे रिकामे पडलेत, आमच्यासारखे केमिस्टही रिकामे. म्हणून तर स्वस्त झालाय, कॉलेजच्या पोरांनाही परवडतो." भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होते.

"तुम्ही जाणार नाही ना?"

"नाही गं. विचार करतो म्हटलं ते तुझ्यासमोर विषय टाळायला. खाली रिक्षापाशी सरळ नाही म्हणून सांगितलं."

मी सुटकेचा श्वास घेतला. मग हे खाली बघत म्हणाले, "पण ते पिच्छा सोडेनात. शेवटी प्रकाशचा नंबर दिला."

प्रकाश माझा धाकटा भाऊ, कल्याणला असतो. ह्यांच्याच प्लांटवर होता, त्याचीही नोकरी गेली. विचार करतो म्हणून टाळणं त्याला जमत नाही. तो हो म्हणतो.

तासभर त्याला फोन लावतेय. बिझी लागतोय.