कडी कोण तपासणार?

सोमवार, ३ नोव्हेंबर

सांगून टाकलं! लंबूला, कामावरच्या माझ्या जोडीदाराला. गच्चीवर, डबा खाताना. मेहुणीसाठी कधीपासून हात धुऊन मागे लागला होता. आज म्हणाला, रविवारी सासरे येतायत, तुझं नक्की आहे म्हणून कळवलंय. मग इलाजच उरला नाही. म्हटलं, मला बायका नाही आवडत. मी ज्याच्याबरोबर राहतो, तो नुसता खोलीतला सोबती नाही.

लंबूने डबा बंद केला. "बरं," म्हणाला. एवढंच. मला हायसं वाटलं.

मंगळवार, ४

आपली कडी आपण तपासायची नाही, हा मुकादमांचा नियम. दोराला लटकून काचा पुसायला उतरण्याआधी जोडीदाराने कमरेच्या पट्ट्याची कडी ओढून बघायची. स्वतःची कडी स्वतःला नेहमी नीटच लागलेली दिसते, म्हणतात ते. इतकी वर्षं माझी लंबू बघायचा. आज दोन हात लांब उभा. "तुझी तूच बघ."

बघितली. उतरलो. दिवसभर हात सारखा कडीकडे जात होता.

गुरुवार, ६

सगळ्यांना कळलंय. चहाला बाकावर मी एकटाच. एकाने विचारलं, तुमच्यात स्वयंपाक कोण करतं? बाकीचे फिदीफिदी. मीही हसलो! स्वतःचीच लाज वाटते. (खरं तर दोघांनाही धड येत नाही.)

शुक्रवार, ७

माझ्याबरोबर जोडी लावायला कोणी तयार नाही. कडी बघायची म्हणजे कमरेला हात लावावा लागतो ना! मुकादमांनी खाली बादल्या भरायला ठेवलं. मान वर करून बघत होतो—लंबू दुसऱ्याच कोणाबरोबर तरी उतरत होता.

रविवार, ९

घरी त्याला कामावरचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, सोड नोकरी. सोडून करू काय? आणि मला वर दोरावरच बरं वाटतं, हे त्याला कधी कळणार? भांडण.

मंगळवार, ११

मुकादमांनी बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही. "मुलगी टाळायला थाप मारली, असं म्हण सगळ्यांसमोर. मिटवून टाक."

मिटवलं. लंबूने पाठीत धपाटा घातला—काय घाबरवलंस लेका! सगळे खदाखदा हसले. मग त्याने माझी कडी ओढून बघितली, नेहमीसारखी. मी उतरलो आणि रडू फुटलं. काचेआडची बाई बघत होती. तिला वाटलं असेल, साबण गेला डोळ्यात.

बुधवार, १२

दोर गुंडाळायला मुकादम आणि मी दोघेच मागे राहिलो होतो. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "थोडे दिवस जड जातं. मग सवय होते. मलाही झाली. नातवंडं झाली, अजून कोणाला माहीत नाही."

मला नको ही सवय! उद्या सगळ्यांसमोर परत सांगणार. मग वर पाठवोत, न पाठवोत.