मामींच्या फोटोचं वजन

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. तुमच्या गुडघ्याचा ठणका आणि मामींचा राग, दोन्ही उतरणीला लागले असतील अशी आशा आहे. माझी प्रकृती उत्तम. दुकानातून हाकलल्यापासून डोळ्यांनाही आराम आहे.

लोक विचारतात, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. आपल्या कपाटांच्या दुकानाची वेबसाइट उघडायला अठ्ठेचाळीस सेकंद लागायचे (घड्याळ लावून मोजलेत). गिऱ्हाईक कोऱ्या पडद्याकडे बघून कंटाळायचं आणि दुसऱ्या दुकानाकडे वळायचं. कारण काय, तर पहिल्याच पानावर घरातल्या एकवीस माणसांचे फोटो, कॅमेऱ्यातून निघाले तसेच, भिंतभर लावता येतील एवढे (एकविसावा मी). वर तुमचं उद्घाटनाचं भाषण, आपोआप सुरू होणारं. कपाट माझ्याही खाली. मी आठवडाभर खपलो. फोटोंचं वजन उतरवलं, भाषण बटणामागे नेलं, खालचे फोटो माणूस खाली येईल तेव्हाच उघडतील अशी सोय केली. वेबसाइट तीन सेकंदांत उघडली आणि तुम्ही चक्क माझी पाठ थोपटलीत.

पण जावईबापूंनी मामींच्या कानात सांगितलं, की तुमचा आठ एमबीचा फोटो भाच्याने दोनशे केबीचा केला. म्हणजे चाळिसावा हिस्सा! पडद्यावर मामी पूर्वीइतक्याच भरघोस दिसतात, असं मी हात जोडून सांगितलं. ते आणखी महागात पडलं. “माझा मान कमी केलास,” म्हणाल्या आणि ताटावरून उठल्या. संध्याकाळपर्यंत तुम्ही सगळं पूर्ववत करून माझ्या खुर्चीवर जावईबापूंना बसवलंत. मामा, मला फार लागलं ते. अकरा वर्षं राबलो, ती एका न जेवलेल्या ताटापुढे फुकट गेली.

असो. घरात सर्वांना नमस्कार. मामींना मूळ आकाराचा.

तुमचा (अजून तरी) भाचा

ता.क. गुरुवारी अकराला एका कंपनीत मुलाखत आहे. केलेलं काम दाखवा म्हणतात. मागच्या मुलाखतीत आपली वेबसाइट उघडेपर्यंत साहेबांनी चहा संपवला आणि पुढच्या उमेदवाराला हाक मारली. तेव्हा त्या दिवशी तासभर तरी माझी हलकी वेबसाइट लावाल का? पाया पडतो. मामींना तेवढा वेळ कुठेतरी बाहेर न्या.

आणखी एक. पाकीट चिकटवण्याआधी वेबसाइट उघडून पाहिली. आता सत्तेचाळीस सेकंद लागतात, म्हणजे सुधारणा आहे. एकवीसपैकी एकच फोटो काढून टाकलेला दिसला. माझा.