शिवणाच्या खोलीतला कॉम्प्युटर आणि त्यातली मापं

खाली सही करणारी मी, वय एकाहत्तर, शाळा दुसरीपर्यंत, धंदा शिवणकाम. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरीणबाईंनी तपासलंय. कुणी पढवलेलं नाही. माझ्यामागे काय कुणाचं ते लिहिते.

एक. घर मुलगा आणि लेक, दोघांना निम्मं निम्मं. गळका नळही दोघांचा.

दोन. मोठी कात्री जाऊबाईंना. तीस वर्षांपूर्वी त्यांनी या कात्रीने पुठ्ठा कापला, म्हणून मी सहा महिने बोलले नव्हते. आता खुशाल कापावा.

तीन. कॉम्प्युटर. यात एकशे बारा बायकांची मापं आहेत. छातीचं ऑपरेशन झालेल्यांसाठी मी आतून गादी लावून कपडे शिवते, त्यांचीही. हे कुणाला कळू नये, असा माझा शब्द आहे.

एकदा अशीच एक गिऱ्हाईक नणंदेला घेऊन आली. नणंदेला ऑपरेशनचा पत्ता नव्हता. (बाई कोण ते लिहीत नाही, नाहीतर एवढा खटाटोप कशाला?) मी ऑपरेशननंतरच्या गादीला कुठला कापूस लावावा, याची चौकशी कॉम्प्युटरवर केली होती, तर या मेल्याने त्याच आजाराची जाहिरात पडदाभर दाखवली. नणंद म्हणाली, "हे कुणाचं हो?" मी म्हटलं, "माझं." पुढे आठ दिवस लोक फळं घेऊन भेटायला येत होते. फळं चांगली होती.

मग जावयाने एक प्रोग्राम घालून दिला. कॉम्प्युटरची सगळी बटणं एका पाटीवर: तुम्ही कुठे आहात ते कळवू का, काय शोधता ते लक्षात ठेवू का, त्यावरून जाहिराती दाखवू का. मला इतका आनंद झाला! म्हणजे हे विचारायची सोय होती, आणि मला कुणी विचारलंच नव्हतं. बटणं बंद केली, अक्षरं मोठी केली, मागचा रंग जांभळा केला. भरात माइकही बंद केला. व्हिडिओवर लेकीशी अर्धा तास बोलले. पलीकडे ती नुसती कानाला हात लावून दाखवत होती. मला वाटलं, कान दुखतोय. तेल सुचवलं.

तर कॉम्प्युटर सुनेला. तिने एकेकीला बोलावून तिचं माप तिच्या हाती द्यावं, मग यातलं पुसावं. तोवर दर महिन्याला पाटी तपासावी. अपडेट आलं की हा काही बटणं आपल्या मनाने चालू करतो.

चार. कपड्यांच्या मोठ्या दुकानाला मापांची ही यादी हवी आहे आणि मुलगा द्यायला तयार आहे. त्याने यादीला हात लावू नये. पासवर्ड या कागदात नाही. सुनेच्या कानात सांगितलाय.

हे वाचून मुलगा म्हणाला, "आई, माझ्यावर विश्वास नाही?"

"तू कुणाला वाईट हेतूने सांगणार नाहीस रे. पण सांगशील."

सून म्हणाली, "सांगतातच." मुलगा हसला नाही, पण पेन त्यानेच आणून दिलं.

वरचं सगळं मला वाचून दाखवलं, ते मला कबूल आहे.

ठिकाण: शिवणाची खोली, खिडकीजवळ
तारीख: ९ नोव्हेंबर, शनिवार

(सही) शिवणवाली आजी

साक्षीदार: (सही) डॉक्टरीणबाई
साक्षीदार: (सही) शेजारीण

दोघी माझ्या गिऱ्हाईक आहेत की नाहीत, ते कुणी विचारू नये.