एकच खुर्ची

गुरुवार, ३ ऑक्टोबर

नीवेसचा फोन. "रविवारी जुन्या बाजाराला येतेस का?" — नीवेस! महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या आरेत्सो गावाचे रस्ते जुन्या सामानाने भरले की जी नाक मुरडून घरात बसते, ती! "मेलेल्यांची कपाटं" म्हणते ती त्या सगळ्याला. काय घ्यायचंय विचारलं तर म्हणाली, "बघू." आणि फोन ठेवून दिला.

आता रविवारपर्यंत मला चैन पडेल तर शपथ!

रविवार, ६ ऑक्टोबर

पाय सुजलेत. सुनेला म्हटलं, सूप झाकून ठेव, आधी मला लिहू दे.

सकाळी मोठ्या चौकात भेटलो. नीवेस चांगला कोट घालून, लिपस्टिक लावून आलेली. सोन्याच्या कारखान्यात शेजारी बसून साखळ्या जोडायचो तेव्हापासून ओळखते मी तिला. लिपस्टिक म्हणजे लग्न नाहीतर डॉक्टर. आज दोन्ही नाही.

आधी घेतली कॉफीची किटली. इवलीशी, एका माणसापुरती. घरात नवरा दिवसभर कॉफी ढोसणारा! मी म्हटलं, "ओरेस्तेला काय, नुसता वास देणार?" हसली नाही.

मग एका लोखंडी पलंगाशी थांबली. अरुंद. हाताच्या वितीने मोजला आणि नंतर पोचवायला सांगून पैसे दिले. "पाहुण्यांसाठी?" — "हं." यांच्याकडे कुठले आलेत पाहुणे? मूलबाळ नाही, ओरेस्तेला माणसं खपत नाहीत. माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

आणि मग खुर्च्या. प्रत्येक खुर्चीवर बसून बघत होती बाई! बसायची, डोळे मिटायची, मान हलवून उठायची. लोक बघायला लागले. कोर्तोना गावची एक विक्रेती विणत बसली होती, तिच्याकडच्या अक्रोडाच्या खुर्च्या नीवेसला जरा पसंत पडल्या.

"यातली एक द्या."

"एक?" बाईच्या सुया थांबल्या. "सहा आहेत. सहा बहिणी आहेत त्या, बाई! एकीला कशी तोडू?"

"बहिणींचं कुठे नेहमी पटतं?"

"मग निदान दोन न्या. एकटी खुर्ची बरी दिसत नाही घरात."

"ते माझं मी बघेन," नीवेस म्हणाली. एवढ्या तुटक आवाजात की त्या बाईने माझ्याकडे पाहिलं, 'हिला काय झालंय?' असं. मला तरी कुठे माहीत होतं!

सगळीकडे तेच. चारांचा संच, आठांचा संच. एकच खुर्ची कुणी विकेना आणि हिला दुसरी नको. चर्चच्या मागच्या गल्लीत मात्र एक सापडली. बुटकी, गवताने विणलेल्या बैठकीची, एक हात कधीतरी मोडून पुन्हा बसवलेला. म्हाताऱ्या दुकानदाराने ती झाडांच्या कुंड्या ठेवायला वापरलेली. नीवेसने कुंडी उचलून खाली ठेवली, बसली, डोळे मिटले.

उठेचना.

"काय गं?" मी.

"काही नाही. बसू दे."

एका माणसाची किटली, एका माणसाचा पलंग... मला दवाखाना दिसायला लागला. भाजलेलं डुकराचं मांस भरलेला पाव घेऊन चर्चच्या पायऱ्यांवर खायला बसलो. शेवटी विचारलंच. "नीवेस, खरं सांग. डॉक्टर काय म्हणाले?"

ती माझ्याकडे बघत राहिली आणि एवढी हसली, एवढी हसली की ठसका लागला. मग पर्समधून एक किल्ली काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"खोली घेतलीय. बेकरीच्या वर. मी ओरेस्तेला सोडतेय."

माझ्या तोंडून आधी काय निघालं? "तो मारतो का?" — "छे! मारत नाही, पीत नाही, बाईबिई नाही. अगं, लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा त्याच्या आईचं कपाट, त्याच्या आईचं टेबल, त्याच्या आईच्या बशा. म्हातारी जाऊन वीस वर्षं झाली. मी एक पडदा बदलला तर आठ दिवस बोलला नाही. काल-परवा झाडू मारताना वाटलं, मी इथे अजून पाहुणीच आहे की!"

"मग नवीन घे ना सामान! पुन्हा जुनंच कशाला?"

"जुन्याचं वाईट काय होतं?" ती म्हणाली. "मी निवडलेलं नव्हतं, एवढंच."

खुर्ची आम्हीच वाहून नेली. चढ केवढा! दमलो की भर रस्त्यात खुर्ची टेकवायची आणि पाळीपाळीने बसायचं. एक गाडीवाला हॉर्न वाजवून ओरडला, "आजीबाई, चित्र काढून घेताय का?" नीवेस बसल्या बसल्या म्हणाली, "हो, तू ब्रश घेऊन ये!"

खोली लहान. खिडकीतून समोरच्यांची कौलं दिसतात, खालून पावाचा वास. तिने खुर्ची खिडकीशी ठेवली आणि बसली. मी भिंतीला टेकून उभी. बस म्हणायची सोय नव्हती. आणि खरं सांगू? तिला त्याचं काही वाटलंही नाही.

सोमवार, ७ ऑक्टोबर

नीवेस अजून ओरेस्तेशी बोललेली नाही. फोनवर अर्धा तास नुसतं आर्टिचोकच्या भाजीच्या भावावर!

गुरुवार, १० ऑक्टोबर

नीवेसने सांगितलं. जेवण वाढून, तो जेवून उठल्यावर. तो म्हणाला, "उद्या बोलू." ती म्हणाली, "उद्या मी नसेन." दोन पिशव्या घेऊन निघाली.

सून म्हणते, "या वयात! लाज नाही वाटत?" मी गप्प बसले. का गप्प बसले?

शनिवार, १२ ऑक्टोबर

ओरेस्ते आला होता. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर. मुलगा-सून बाहेर होते ते बरं झालं.

"तुला माहीत होतं," दारातच म्हणाला.

"रविवारपासून."

"कपाटापायी कुणी नवरा सोडतं का, एर्सीलिया? सांग! आईचं कपाट खुपत होतं तर बोलायचं होतं."

"पडदा बदलला तेव्हा आठ दिवस तूच अबोला धरला होतास ना?"

मी कॉफी ठेवली. साखर किती घेतो विचारलं तर त्याला सांगता येईना. नीवेस घालायची! मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. कप बाजूला सारला. मग हळूच, "काय काय आहे तिथे?"

"पलंग आहे. किटली आहे. एक खुर्ची."

"एकच?"

"एकच."

त्याने ते 'एकच' तोंडातल्या तोंडात पुन्हा म्हटलं. मग टोपी घेतली आणि उठला. शिव्या नाहीत, धमक्या नाहीत. जिन्यावर मात्र कठडा धरून थांबला होता. मी वरून पाहिलं. खाली जावंसं वाटलं, गेले नाही.

रविवार, १३ ऑक्टोबर

नीवेसकडे जाऊन आले. ओरेस्तेचं सांगितलं. थोडी रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "परत नाही जायचं." मी खिडकीच्या कट्ट्यावर बसले होते. तिच्या घरात काय काय आहे ते पुन्हा पुन्हा न्याहाळत होते, चोरासारखी. चमच्यापर्यंत सगळं तिनं स्वतः निवडलेलं.

घरी आल्यावर माझ्या खोलीत उभी राहिले. ही आधी नातवाची. पडद्यावर अजून त्याच्या मोटारगाड्या. दिवा सुनेच्या माहेरचा. माझं घर विकलं तेव्हा मुलगा म्हणाला होता, "सामान कशाला आणतेस आई, इथे सगळं आहे." खरंच आहे की सगळं. चांगली वागतात दोघं, कुणाला नावं ठेवायला जागा नाही.

उशी माझी आहे. बराच वेळ शोधल्यावर तेवढीच सापडली.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

सकाळी नाश्त्याला म्हटलं, "मी आज भाड्याच्या खोल्या बघायला जातेय." मुलाने पावाला लोणी लावता लावता विचारलं, "आता कुणासाठी गं, आई?"

म्हटलं, "माझ्यासाठी."